बंधुराजांची पाचर

आमच्या घरातली बिघडलेली वस्तू दुरुस्तीला बाहेर जात नाही. जाते ती थेट भंगारात. मधल्या काळात ती आमच्या बंधुराजांच्या ताब्यात असते.

बंधुराज म्हणजे माझा धाकटा भाऊ. धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. उभा जन्म त्याने लिफ्टच्या टपावर नाहीतर लिफ्टखालच्या खड्ड्यात काढला. मधल्या मजल्यांवर माणसं राहतात याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पंखा, इस्त्री, नळ, छत्री, काहीही द्या, तो आधी त्यात लिफ्ट शोधतो आणि मग ती दुरुस्त करतो. फक्त माझ्या शिलाई मशीनला मी त्याला हात लावू देत नाही. एकदा लावू दिला होता, तर ते मशीन उलटं पळायला लागलं.

मी घरातच पुढच्या खोलीत शिवणकाम करते. नवं शिवायला फार कुणी येत नाही, उसवायला आणि सैल करायला येतात. लोकांच्या कमरा वाढतात, त्यावर माझं पोट चालतं.

तिसरी भिंगरी. भावाची मुलगी. तिची आई ती रांगत होती तेव्हाच गेली, तेव्हापासून ती माझ्या पदराशी. एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले. नाव ठेवताना माणसाने जरा विचार करावा. आता बाईसाहेब इलेक्ट्रिक गिटार वाजवतात आणि त्यांना जहाजावर जायचंय.

जहाज म्हणजे प्रवाशांचं, मोठं. त्यावर रोज संध्याकाळी बँड वाजतो. त्या बँडच्या बाईंनी भिंगरीचं वाजवणं मोबाइलवर ऐकलं आणि बोलावणं धाडलं: रविवारी तालमीच्या हॉलवर या, समोर वाजवून दाखवा, जमलं तर पुढच्या महिन्यात जहाजावर. त्यांना काय आवडलं होतं, तर तिचा तो डोलणारा सूर. एखादा सूर ती धरते आणि मग हळूच खाली सोडते, झोका मागे जावा तसा, आणि परत वर आणते. ऐकताना माझा पाय मशीनवर थांबतो. बाईंनी स्पष्ट कळवलं होतं की नुसती वाजवणारी माणसं ढिगाने मिळतात, आम्हाला हे पाहिजे.

भावाला कळलं तेव्हा तो जेवत होता.

"जा की," तो म्हणाला. मग बराच वेळ ताटातला घास इकडून तिकडे करत बसला. शेवटी म्हणाला, "समुद्रात काही बिघडलं तर उतरणार कुठे?"

त्याचा नकार हा एवढाच. पण मी त्याची मोठी बहीण आहे. त्याच्या मनात काय चाललंय हे मला पाठीमागूनही कळतं. आणि माझं काय, असं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते: मलाही ती जायला नकोच होती. पण नको असणं वेगळं आणि तिच्या आड येणं वेगळं, एवढी अक्कल मला आहे.

तर गिटार. तिच्या त्या डोलण्याचं मर्म ट्रेमोलो ब्रिज नावाच्या भानगडीत आहे. आधी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आता झोपेतून उठवून विचारा. गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे ब्रिज. साध्या गिटारला ती घट्ट बसवलेली असते. हिच्या गिटारला ती दोन खिळ्यांवर नुसती टेकलेली असते, झुलती. वरून तारा तिला एकीकडे ओढतात आणि गिटारच्या पाठीत खोबण आहे, तिथल्या स्प्रिंगा दुसरीकडे. ओढ सारखी असली की पट्टी सरळ तरंगते. तिला एक दांडी असते. दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर खाली घसरतो, सोडली की जागेवर येतो. यायला हवा, म्हणजे.

रविवारसाठी म्हणून भिंगरीने जरा जाड तारा चढवल्या. आवाज भरदार येतो म्हणे. जाड तारांची ओढ जास्त, त्यामुळे ती पट्टी मागून उचलली गेली, गाडीचं बॉनेट उघडं राहावं तशी. दांडी दाबून सोडली की सूर भलत्याच ठिकाणी परत यायचा. एक तार लावावी तर बाकीच्या पाच रुसायच्या, त्या लावाव्यात तर पहिली. पोरीच्या नाकी नऊ आले. सकाळभर घरात टुंग टुंग टुंग. शेवटी मी कात्री आपटली.

"अगं, दुकानात घेऊन जा ना!"

"दुकानवाला पंधरा दिवसांनी ये म्हणतोय, आत्या."

आणि तेव्हा बंधुराज दारात उभे. हातात पेचकस.

"बघू," तो म्हणाला.

मी डोळे मिटले.

पण खोटं कशाला बोलू, त्याने ते यंत्र बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. गिटार पालथी घातली, पाठीवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, स्प्रिंगा बघितल्या आणि लहान मुलासारखा हसला.

"ही तर लिफ्ट आहे!"

"झालं," मी म्हटलं.

"अगं ताई, बघ तरी. या तारा म्हणजे लिफ्टचा पिंजरा. या स्प्रिंगा म्हणजे पलीकडचं वजन. पिंजऱ्याला नुसती मोटर ओढत नाही, पलीकडे तोलाला लोखंडाचं वजन लोंबत असतं. इथे ते वजन कमी पडतंय. बस्स!"

त्याने स्प्रिंगांचे स्क्रू पिळले. पट्टी खाली आली, सरळ झाली. आणि तो थांबला नाही. अजून पिळले. पट्टी आता उलट्या बाजूने पोटात रुतून बसली, तारा गिटारच्या मानेला टेकल्या आणि सगळी गिटार डब्यात कोंडलेल्या माशीसारखी भुणभुणायला लागली.

"बाबा, जास्त झालं!"

"जास्तच पाहिजे. रिकाम्या पिंजऱ्यापेक्षा वजन नेहमी जड ठेवतात. आत माणसं चढणार ना!"

"बाबा, यात कुणी चढत नाही!"

"आज नाही चढत," बंधुराज म्हणाले.

आता यावर काय बोलावं? तीस वर्षं त्याने एकही लिफ्ट रिकाम्या पिंजऱ्याच्या हिशेबाने तोलली नव्हती, ती गिटारसाठी तोलेल होय! आजार म्हशीला आणि इलाज पखालीला. त्याने स्क्रू सोडायचे, तिने खुंट्या पिळायच्या, ती क्लासला गेली की त्याने "जरा तपासून" पुन्हा पिळायचे. लिफ्टवाल्यांची ही एक खोड असते. चालू असलेली गोष्टही रोज हात लावून बघायची. सकाळी ती गिटार हातात घ्यायची तर लावलेलं सगळं चढलेलं. तीच तार ताण, सैल कर, पुन्हा ताण.

"निदान नव्या तारा तरी घाल," मी म्हटलं. "सुईच्या नाकातून सारखा सारखा ओढलेला दोरा पिंजतो."

"नव्या तारा बसायला वेळ लागतो गं आत्या. रविवारपर्यंत नाही बसायच्या."

"एक तार तुटली तर काय होतं?" भावाने मध्येच विचारलं.

"मग सगळंच जातं. ओढ कमी होते, स्प्रिंगा पट्टीला मागे खेचतात आणि उरलेल्या तारा चढतात. पण तुटत नाही हो!"

"तुटत नाही, असं लिफ्टवाला कधी म्हणत नाही," तो म्हणाला. "लिफ्टचा दोर तुटला की पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पाचरी रुळाला घट्ट धरतात. म्हणून माणसं वाचतात. तुझ्या या यंत्राला पाचर कुठे आहे?"

"नाहीये."

"नाहीये!" एवढं म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तर गिटार अगदी सुरात. एकही तार हललेली नाही. तिने आनंदाने दांडी दाबली. दांडीही हलली नाही. बंधुराजांनी सागाच्या लाकडाच्या दोन पाचरी तासून, घासून, मापात बसवून पाठीतल्या खोबणीत ठोकल्या होत्या. स्प्रिंगा जिला अडकवतात त्या लोखंडी ठोकळ्याच्या पुढून एक, मागून एक. ठोकळा जागच्या जागी जाम. काम असं सुबक की नख जाईल एवढी फट नाही.

"आता हलायचं नाव नाही," तो म्हणाला. एखाद्या लेकराला कडेवरून उतरवावं तशी त्याने गिटार तिच्या हातात दिली.

भिंगरीने गिटार उलटी करून पाचरी बघितल्या. मग तिने ती टेबलावर ठेवली.

"बाबा, मी जायला नकोय ना तुम्हाला?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीत, केलंत. त्या बाईंना माझा तोच सूर हवाय आणि तुम्ही तोच बंद केलात. सरळ नको म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते. ही अशी पाचर मारायची काय गरज होती?"

भाऊ मागे वळला. गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघून माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण मला माहीत होतं की याने मुद्दाम काही केलेलं नाही. एवढा डाव खेळायची बुद्धी असती तर तो मेकॅनिक कशाला राहिला असता? त्याला खरोखरच वाटत होतं की हलणारी वस्तू म्हणजे बिघडलेली वस्तू. आणि हेही खरं की हलू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. यातलं कुठलं गिटारबद्दल आणि कुठलं पोरीबद्दल, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मी मात्र भडकले. दोघांवरही.

"इकडे या दोघं!" मी मशीनपाशी बसून ओरडले. "या म्हणते ना!"

आले. मुकाट्याने.

मी एक चिंधी घेतली, मशीनवर वरच्या दोऱ्याची चकती आवळली आणि शिवलं. दोरा वरच्या अंगाला सरळ पडला आणि कापड चुणलं. "हा तुझा पलीकडचा जड तोल," मी भावाला म्हटलं. मग चकती सैल केली. खालच्या अंगाला दोऱ्याची जाळी झाली. "आणि या तुझ्या जाड तारा," भिंगरीला म्हटलं. मग वरचा दोरा आणि खालचा दोरा सारख्या ओढीने लावले. टाका दोन्ही अंगांनी सारखा पडला.

"कोण जड, कोण हलकं, हा प्रश्नच नाही. एकाने जरा ओढायचं, दुसऱ्याने तेवढंच. आणि एकाचा हात चालू असताना दुसऱ्याने हात लावायचा नाही. कळलं? आता त्या पाचरी काढा, आणि मला एका गिऱ्हाइकाची कंबर सैल करायचीय, तिला आज लग्नाला जायचंय."

भावाने चिंधी हातात घेऊन दोन्ही अंगांनी बघितली. मग गिटार घेऊन खाली बसला.

त्या दिवशी ते दोघं पहिल्यांदा एकमेकांची वाट बघत काम करत होते. तिने तारा लावायच्या, "हं" म्हणायचं. त्याने स्क्रू केसभर फिरवायचा, "हं" म्हणायचं. पुन्हा तिने. संध्याकाळी पट्टी पाण्यावरच्या पानासारखी सरळ तरंगत होती. तिने दांडी दाबली, सूर खाली गेला आणि नेमका होता तिथे परत आला.

"बाबा!" ती ओरडली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"मागचं झाकण राहू दे उघडं," तो म्हणाला. "तपासायला बरं." पाचरी त्याने शर्टाच्या खिशात टाकल्या. फेकायची सवय आमच्या घरात नाहीच.

रविवारी तालमीच्या हॉलवर आम्ही तिघंही गेलो. फर्निचरच्या गोदामाच्या मागे लांबट खोली, भिंतींना जुनी गोधडीसारखी कापडं लावलेली, एका टोकाला उंचवटा आणि समोर घडीच्या खुर्च्या. बँडच्या बाई पहिल्या रांगेत. पांढरे केस बारीक कापलेले, पायात साध्या चपला, आणि चेहऱ्यावर अजिबात काही नाही. भिंगरीच्या आधी दोघं वाजवून गेले. चांगलं वाजवलं मेल्यांनी. बाईंनी दोघांना "छान, कळवते" म्हटलं. त्या "कळवते"चा अर्थ मला गिऱ्हाइकांमुळे चांगला ठाऊक आहे.

मग भिंगरी. बाईंचे ढोलवाला आणि बास गिटारवाला साथीला होते. तिने सुरुवात केली आणि पहिल्याच वेळी सूर असा खाली सोडला की बाईंनी मान वर केली. माझे डोळे भरले. मी मनात म्हटलं, गेली. पोरगी गेली आपल्या हातातून. आणि इतकी छान वाजवतेय की वाईटही वाटून घेता येत नाही.

गाणं निम्म्यावर आलं. तिने दांडी दाबली, सोडली, आणि टण्णकन आवाज झाला.

तार तुटली.

पुढचं कुणाला सांगायला नको. स्प्रिंगांनी पट्टी मागे खेचली, उरलेल्या सगळ्या तारा चढल्या आणि तिच्या बोटांखालून जे निघालं ते ऐकवत नव्हतं. ढोलवाला आणि बासवाला वाजवत राहिले, त्यांना थांबायचं नसतं. बाईंनी हातातलं पेन टोपणात घातलं. भिंगरीचा चेहरा पांढराफटक. ती खुंट्या पिळायला लागली, पण उरलेल्या पाच तारांचं ते लग्न चालू गाण्यात पुन्हा कोण लावणार? तिने मान खाली घातली. ती आता गिटार गळ्यातून काढणार, हे मला दिसलं.

आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

बंधुराज चालत निघाले होते. पळत नाही, चालत. कुणीतरी "ओ काका" म्हणालं. बाईंनी वळून बघितलं. हा थेट उंचवट्यावर चढला, लेकीच्या मागे गेला आणि तिला म्हणाला (सगळ्यांना ऐकू गेलं, कारण समोर माईक होता), "दांडी दाब. अजून. थांब."

तिने दाबली. त्याने गिटार तिच्या अंगापासून वीतभर बाजूला ओढली, खिशातून पाचर काढली आणि पाठीतल्या खोबणीत स्प्रिंगांच्या बाजूने बसवली. अंगठ्याने एकदा दाबून बघितली.

"सोड."

तिने दांडी सोडली. पट्टी मागे जायला निघाली आणि पाचरीला टेकून थांबली. नेमकी त्या संध्याकाळच्या जागेवर. कारण पाचरी तासतानाही त्याने माप सरळ पट्टीचंच घेतलं होतं. तिने पाच तारांवरून बोट फिरवलं आणि पाचही सुरात होत्या. तिने बापाकडे बघितलं. मग भीतभीत दांडी दाबली. पाचर एकाच बाजूने होती, खाली जायची वाट मोकळीच होती. सूर खाली गेला, डोलला आणि परत आला.

ढोलवाला हसला. तिने गाणं उचललं ते थेट शेवटपर्यंत नेलं, पाच तारांवर. भाऊ तिथेच तिच्या मागे उभा, एक हात गिटारच्या पाठीवर, नजर छताकडे. लिफ्टचं दार उघडायची वाट बघतोय असा.

संपल्यावर बाई उठल्या. आता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. त्या "कळवते" म्हणाल्या नाहीत.

"पुढच्या महिन्यात निघायचंय. पासपोर्ट आहे ना?" त्यांनी विचारलं. मग भावाकडे बघून म्हणाल्या, "आणि हे कोण?"

"बाबा," भिंगरी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"हे तात्पुरतं आहे हं," भाऊ बाईंना पाचर दाखवत म्हणाला. "तार बदलल्यावर पुन्हा तोल बघावा लागेल. पाचर आधाराला असते, भरवशाला नाही."

बाईंनी त्याच्याशी हात मिळवला. त्याने आधी हात पँटला पुसला.

ती कागदपत्रांचं विचारायला आत थांबली आणि आम्ही दोघं बाहेर बसस्टॉपवर आलो. मला राहवेना. मी तोंडाची फटकळच.

"काय रे," मी म्हटलं, "नुसता बसून राहिला असतास तर पोरगी घरी राहिली असती. तिच्या पायात तूच पाचर मारलीस म्हणत होती ना ती? आणि आज तू काही न करता ती अडली असती, तर उठून सोडवायला गेलास!"

तो बस कुठे दिसते का बघत होता.

"तार तुटली होती, ताई."

"हो, पण..."

"लिफ्ट अडकली की आम्ही आधी माणूस बाहेर काढतो," तो म्हणाला. "त्याला कुठल्या मजल्यावर जायचंय, ते आम्ही विचारत नाही."

मग त्याने खिशात हात घालून दुसरी पाचर काढली आणि माझ्या हातात दिली.

"ही तिच्या गिटारच्या पेटीत टाक. मी टाकली तर पुन्हा म्हणेल, बाबा मागे लागतात. तिथे समुद्रात सागाची कोण देणार?"

ती अजून त्याच्या अंगाने कोमट होती. मी तिथेच, भर रस्त्यात, पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडले.

"ताई, लोक बघतायत," तो म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसायला तोंड पलीकडे केलं. तेवढ्यात बस आली आणि गेली. आम्ही दोघंही चढलो नाही, भिंगरी यायची होती अजून.